एका खुर्चीतल्या दोघी

रेकॉर्ड रूममध्ये आम्हा दोघींना नावं नव्हती. तिला सगळे सकाळची म्हणत आणि मला दुपारची. इस्पितळाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे, खिडकी नसलेली ती खोली. टेबल एक, खुर्ची एक, कॉम्प्युटर एक आणि बायका दोन. सकाळी सात ते एक ती बसायची, एक ते सात मी. रुग्णाला तपासून झालं की डॉक्टर एका यंत्रात बोलून ठेवतात. ते हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, हे आमचं काम. पायाखाली पेडल असतं. दाबलं की डॉक्टर बोलायला लागतात, पाय उचलला की गप्प बसतात. हे पेडल घरी नेता आलं असतं तर मी ते कुणाकुणासाठी वापरलं असतं, ते विचारू नका.

चौदा वर्षं असं चाललं. एका कॉम्प्युटरच्या आम्ही दोन सवतीच. भेट रोज दहा मिनिटांची, एक वाजायच्या आधीची. बाकी ती मला खुर्चीवरूनच कळायची. ती उंच, मी बुटकी. रोज दुपारी मी खुर्ची खाली करायचे आणि रोज सकाळी ती वर. जाताना ती कीबोर्ड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून जायची. मी कधी पुसला नाही. ती पुसतेच आहे म्हटल्यावर मी कशाला हात मळवू?

आडपडदा कशाला ठेवू, मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखेपर्यंत. सहा तास बसूनही तिची पाठ ताठ राहायची, त्याचा हेवा. एक पुटपुटे डॉक्टर होते, ज्यांचं बोलणं त्यांच्या बायकोलाही कळत नसावं. त्यांचं काम ती मागून घ्यायची, त्याचा हेवा. डॉक्टर स्वतः जिना उतरून तिचे आभार मानून जायचे. माझ्या वेळेला फक्त शिपाई यायचा, आणि तोही सकाळच्या ताई गेल्या का म्हणून विचारायला. घरी तिचे म्हातारे वडील अंथरुणाला खिळलेले होते. दुपारी जाऊन त्यांना भरवायचं, कूस बदलायची, म्हणून तिने सकाळची पाळी धरून ठेवलेली. पण त्याबद्दल तिच्या तोंडून कधी रड ऐकली नाही. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, ते अख्ख्या इस्पितळाला माहीत आहे.

एका गोष्टीत मात्र मी तिच्या नाकावर टिच्चून पुढे होते. आमच्या लिखाणात डॉक्टरांना चूक सापडली की ते गुलाबी चिठ्ठी पाठवायचे. महिनाअखेर त्या मोजून आमच्या विभागाचे साहेब फळ्यावर आकडे लिहायचे. सकाळची पाच, दुपारची दोन. सकाळची चार, दुपारची एक. माझी पहिली तीन वर्षं सोडली तर एकदाही ती माझ्यापुढे गेली नाही. मी घरी येऊन हे आकडे जेवताना सांगायचे. आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. ते मान डोलवून म्हणायचे, लिहिताना बरी तुला बाजू कळते.

हा टोमणा होता. लग्न झाल्यावर ह्यांनी मला गाडी शिकवायला घेतली होती. चौथ्या दिवशी हे म्हणाले डावीकडे वळव, मी उजवीकडे वळवली आणि न्हाव्याच्या दुकानाची पायरी तोडली. न्हावी दाढी अर्धी टाकून बाहेर आला होता. मला डावं-उजवं पटकन कळत नाही. लहानपणापासून नाही. तेव्हापासून मी डाव्या मनगटावर घड्याळ बांधते आणि झोपतानाही काढत नाही. घड्याळ ती डावी, एवढं मनाशी म्हणायला मला क्षणभर लागतो. बाहेर हे कुणालाही माहीत नव्हतं. हाडांच्या विभागाचं सगळं काम माझ्याकडे, आणि तिथे प्रत्येक ओळीत गुडघा नाहीतर खांदा. कळलं असतं तर मला त्या खुर्चीत बसू दिलं असतं का?

तर असो. आकड्यांत मी पुढे होते, आणि तरी जळफळाट माझाच व्हायचा. कारण फळ्यावर तिचे पाच आणि माझे दोन असले तरी ती ते वाचून हसायची. ओढूनताणून नाही, मनापासून. म्हणायची, वा, तुमचा महिना छान गेला हो. हरलेल्या माणसाने जरा तरी कष्टी दिसावं की नाही? मला जिंकूनही जिंकल्यासारखं कधी वाटू दिलं नाही तिने.

मग एका सोमवारी साहेबांनी आम्हा दोघींना एकाच वेळी खोलीत उभं केलं. चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि खुर्ची एकच असल्यामुळे दोघीही बसलो नाही. ते म्हणाले, खोली बंद होतेय, तिथे नवं तपासणी यंत्र येणार. यापुढे काम घरून. इस्पितळ दोघींना ठरावीक रक्कम देईल, त्यात ज्याने त्याने आपला लॅपटॉप घ्यायचा. जास्त महागडा घेतलात तर वरचे पैसे तुमचे. आणि दोन महिन्यांनी कायमची जागा एकच राहील. दुसरीला उरलंसुरलं काम, असेल तेव्हा. कुणाला ठेवायचं ते या दोन महिन्यांच्या चुका आणि आजवरचा फळा बघून ठरेल.

ह्यांच्याकडे शिकायला येणारे कमी झाले होते, दोन गाड्यांतली एक विकून झाली होती. घर माझ्याच पगारावर उभं होतं. पण मला आठवतं, तिथे उभी असताना मी घराचा विचार करत नव्हते. ही कोणता लॅपटॉप घेणार, हाच विचार करत होते.

लॅपटॉपचं दुकान इस्पितळासमोरच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाला लागून. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा माणूस. मी लॅपटॉपबद्दल काही विचारायच्या आधी विचारलं, एक उंच बाई येऊन गेल्या का? तो म्हणाला, गेल्या कसल्या, चार दिवस येत होत्या. रोज कामावरून सुटल्यावर अर्धा तास. प्रत्येक लॅपटॉपवर डोळे मिटून टाइप करायच्या. बटणं खोल जातात का ते बघायच्या. छतावरचा दिवा पडद्यात दिसतो का ते बघायच्या. पंख्याचा आवाज किती येतो म्हणून मशीनला कान लावून बसायच्या. का, तर त्यांचे एक डॉक्टर फार हळू बोलतात. पेडल, हेडफोन, माउस, सगळं एका वेळी जोडता येईल का म्हणून बाजूची भोकं मोजायच्या.

"आणि घेतला कोणता?"

त्याने कोपऱ्यातल्या रांगेकडे बोट केलं. कुठल्यातरी कंपनीने दोन वर्षं वापरून परत केलेले, करडे, जाडजूड, दप्तरात घालून शाळेत न्यावेत तसे. अर्ध्या किमतीत मिळतात. उरलेल्या पैशांत तिने नवी बॅटरी बसवून घेतली आणि मेमरी वाढवून घेतली. मी नाक मुरडलं. मनातून मात्र धाकधूक झाली, कारण ती चार दिवस उगाच घालवणारी बाई नव्हती.

तेवढ्यात दुकानदार काउंटरवरच्या एका चंदेरी लॅपटॉपकडे बघून म्हणाला, "हा मात्र त्यांनी दोन-तीनदा हातात घेतला. फार देखणा आहे म्हणाल्या, पण आपल्या कामाचा नाही."

मी त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलं. जी वस्तू तिने हातात घेऊन परत ठेवली, ती माझ्या टेबलावर येणार होती. असा बारीक, की दाराच्या फटीतून सरकवता यावा. मी उभ्याउभ्याच त्यावर टाइप करून बघितलं. आता आमच्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तो हुशार होता. 'पोम' लिहिलं की आपोआप 'पोट मऊ आहे, दाबल्यावर दुखत नाही' असं पूर्ण वाक्य उमटवायचा. 'टाको' लिहिलं की 'टाके कोरडे आहेत, सूज नाही'. अशी शेकडो वाक्यं त्याला येत होती. खोड एकच. 'डावा' किंवा 'उजवा' लिहिलं की पुढे दोन प्रश्नचिन्हं टाकायचा. डावा?? मग ती चिन्हं मला पुसावी लागायची. पुसता पुसता मनगटाकडे नजर जायची, पेडल दाबून पुन्हा एकदा ऐकलं जायचं. दिवसातून साठ-सत्तर वेळा. हा प्रोग्राम बनवणाऱ्याला मी अकरा वर्षं शिव्या घातल्या. आधीची तीन वर्षं ती चिन्हं नव्हती, मग अचानक यायला लागली. नवीन सुधारणा म्हणून कुणीतरी घातली असणार, असं मी धरून चालले होते.

चंदेरीवर मी 'पोम' लिहिलं. पोमच राहिलं. दुकानदाराने विचारलं, पोम म्हणजे काय? मी त्याच्या अज्ञानाकडे दुर्लक्ष केलं. तो म्हणाला, तुमचा कामाचा प्रोग्राम टाकला की जे यायचं ते येईल. मग मी 'डावा गुडघा' लिहिलं आणि थांबले. प्रश्नचिन्हं आली नाहीत. उजवा लिहिलं, नाही आली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणारं यंत्र अखेर भेटलं. इस्पितळाच्या रकमेवर वरचे थोडे पैसे आम्हाला घालावे लागत होते. ह्यांना मी सांगितलं, कामाची वस्तू आहे, काटकसर कशाला.

खोलीतला शेवटचा दिवस शुक्रवार होता. मी पोचले तेव्हा ती लवकर निघून गेली होती, वडिलांना ताप होता म्हणे. कीबोर्ड नेहमीसारखा पुसलेला. मी माझं सामान काढायला ड्रॉवर उघडला तर आत एक छोटं खाकी पाकीट. वर लिहिलेलं, 'दुपारच्या बाईंना'. निरोपाची भेट. माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. मी तिच्यासाठी काही आणलं नव्हतं, आणण्याचं मनातही आलं नव्हतं. इथेही तीच मोठी होणार आणि मी खुजी ठरणार. नको मला तुझी भेट, असं चक्क ओठांनी म्हटलं मी. पाकीट न उघडता ड्रॉवरच्या तळाला अंथरलेल्या कागदाखाली सारलं आणि त्या दुपारी काम नसल्याने खुर्चीत न टेकताच माझा कप, माझी उशी घेऊन घरी आले.

घरी चंदेरीचं स्वागत थाटात झालं. सासूबाईंना तो फारच आवडला. त्याचा पडदा इतका चकचकीत, की बंद असताना त्यात बघून त्या केस सारखे करायच्या. काम करताना मात्र त्यात दिवसभर माझंच तोंड दिसायचं. डॉक्टर फुप्फुसाबद्दल बोलत असायचे आणि मी माझ्या हनुवटीकडे बघत असायचे. बटणं इतकी उथळ, की बोट टेकलं की अक्षर दोनदा उमटायचं. पेडलची वायर कुठेच बसेना. त्यासाठी वेगळा जोड आणावा लागला, तो दर तासाला निसटायचा. आणि प्रोग्राम टाकल्यावरही पोमचं पोमच राहिलं. सगळी वाक्यं अक्षर अक्षर लिहायची. संध्याकाळपर्यंत मनगटं भरून यायची.

हे सगळं मी सोसलं असतं. तिच्या करड्या ठोकळ्यापेक्षा माझा देखणा आहे, या एका विचारावर मी महिनेच्या महिने काढू शकते. पण तिसऱ्या आठवड्यात पहिली गुलाबी चिठ्ठी आली. आता ती ईमेलने यायची, पण कड गुलाबीच ठेवली होती. उजव्या खांद्याचा मी डावा केला होता. दोन दिवसांनी दुसरी, मनगटाची. मी स्वतःला बजावलं, नीट ऐक. नीटच ऐकत होते. ऐकण्यात चूक नव्हतीच. कानाने उजवा ऐकून बोटं डावा लिहीत होती, आणि मध्ये थांबवणारं काही नव्हतं.

तिसरी चिठ्ठी गुडघ्याची. शस्त्रक्रियेच्या सकाळी कागदावर डावा आणि माणसाचा दुखरा गुडघा उजवा. तो भला माणूस शुद्धीवर होता, म्हणाला, डॉक्टर, हा नव्हे हो. पुन्हा तपासलं, फोटो बघितले, सगळं नीट पार पडलं. पण तो आधीच गुंगीत असता तर? मी चंदेरी मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. ह्यांना सांगितलं तेव्हा हे हसले नाहीत. चौदा वर्षं जमलं ते आताच का बिघडलं, एवढंच त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी चंदेरी पिशवीत घालून मी दुकानात भांडायला गेले. म्हटलं, हा सदोष आहे, बदलून द्या. काय झालं, त्याने विचारलं. मी म्हटलं, प्रश्नचिन्हं येत नाहीत.

त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "ती येत नाहीत म्हणूनच तर तुम्ही हा घेतलात."

मी त्याला जुन्या कॉम्प्युटरचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि चंदेरी उघडून टाइप करायच्या प्रोग्राममधली एक यादी दाखवली. कोरी होती. म्हणाला, कोणताही लॅपटॉप आपणहून असं करत नाही, दहापट महागडा घेतलात तरी. इथे माणसाने बसून भरावं लागतं. या बाजूला छोटं अक्षर लिहायचं, त्या बाजूला पूर्ण वाक्य. एकेक. तुमच्या जुन्या मशीनमध्ये कुणीतरी हे भरलेलं असणार. मग तो सहज म्हणाला, "त्या उंच बाईंनी पहिल्या दिवशी हेच तर विचारलं होतं. जुन्या मशीनमधली यादी नव्यात कशी न्यायची. मी शिकवलं. दोन पेनड्राइव्ह घेऊन गेल्या. मी म्हटलं एक पुरे, तर म्हणाल्या, दोन लागतील."

मी लॅपटॉप तिथेच काउंटरवर टाकून रस्ता ओलांडला. खोलीला कुलूप होतं. शिपायाकडून किल्ली घेतली. टेबल भिंतीला सरकवलेलं, खुर्ची तिच्या उंचीवर तशीच. ड्रॉवरच्या कागदाखाली पाकीट होतं. आत पेनड्राइव्ह आणि एक चिठ्ठी. गुलाबी, जुनी, उभी-आडवी फाडलेली आणि मागून चिकटपट्टीने जोडलेली.

ती मी ओळखली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षीची, डाव्या-उजव्या खांद्याची. फळ्यावर येऊ नये म्हणून मी ती फाडून याच ड्रॉवरमध्ये, याच कागदाखाली लपवली होती आणि विसरून गेले होते. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला सकाळचीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'आधी डावा-उजवा टाका. बाकीचं सावकाश.'

मी तिच्या उंचीच्या त्या खुर्चीत बसले. पाय जमिनीला टेकत नव्हते. अकरा वर्षं तिला माहीत होतं. साहेबांना नाही सांगितलं, मला नाही सांगितलं, शिपायालाही नाही. तुकडे जोडले आणि दुसऱ्या दिवशी यादीत चार शब्द भरले. आणि कॉम्प्युटर तर एकच होता. म्हणजे प्रश्नचिन्हं तिलाही येत होती. तिला डावं-उजवं चांगलं कळतं, तरी अकरा वर्षं रोज सकाळी तीही ती पुसत बसली होती.

दुकानातून चंदेरी उचलला आणि घरी येऊन ह्यांच्या मदतीने त्यात यादी टाकली. हजाराच्या वर नोंदी. अर्ध्या हाडांच्या. हाडांचं काम तिने जन्मात केलं नव्हतं. मी जिथे जिथे पूर्वी अडखळले होते, तिथे तिथे तिने सकाळी येऊन एकेक पायरी बांधून ठेवली होती. आणि फळ्यावर पाच आणि दोन वाचून ती का हसायची, ते मला आता समजलं. तुम्हाला वाटेल माझे डोळे भरून आले. नाही. आधी संताप आला. जो एक आकडा घेऊन मी अकरा वर्षं तिच्यासमोर मान वर करून चालले, तोही तिनेच दिलेला निघाला. माझं म्हणून काही ठेवलंच नव्हतं बाईने. रडू नंतर आलं.

यादी टाकल्यापासून पुढचे पाच आठवडे एकही चिठ्ठी आली नाही. दोन महिने संपले आणि साहेबांनी मला एकटीलाच बोलावलं. म्हणाले, सुरुवातीला तुमच्या तीन मोठ्या चुका झाल्या, पण नव्या यंत्राचा गोंधळ म्हणून मी त्या बाजूला ठेवतोय. चौदा वर्षांचा फळा बघता कायमची जागा तुमची. कागद तयार होता. सही करायची जागा फुलीने दाखवली होती.

मी पेन हातात घेतलं. विकलेली गाडी, सासूबाईंची औषधं, सगळं डोळ्यांसमोर आलं. सही करून टाकली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. तिला कळलं असतं, पण ती बोलली नसती. ती वा म्हणाली असती. तुमचं छान झालं हो, असं मनापासून म्हणाली असती. ते तिचं 'वा' मला ऐकू आलं आणि मी पेन खाली ठेवलं.

"साहेब, फळा खोटा आहे," मी म्हटलं. "मला डावं-उजवं कळत नाही."

मग सगळंच सांगितलं. चिठ्ठी फाडली तेही. त्यांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाले, त्यांच्या चुका तुमच्यापेक्षा जास्त, हे तरी खरं ना? मी म्हटलं, पुटपुट्या डॉक्टरांचं काम करून दाखवा आणि पाचात थांबून दाखवा. शिवाय रोज माझी प्रश्नचिन्हं पुसायची, ती वेगळीच.

"त्या कधी काही बोलल्या नाहीत."

"बोलणार नाहीतच."

"मग तुम्ही का बोलताय?"

"मला सहन होत नाही म्हणून," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं. त्यांना त्यात चांगुलपणा दिसला असावा, कारण त्यांचा आवाज मऊ झाला. त्यांची समजूत मी मोडली नाही. फक्त एक कबूल करून घेतलं, की यातलं अक्षरही तिला कळता कामा नये. ते हो म्हणाले. उरलंसुरलं हाडांचं काम माझ्याकडे राहील, यादी चालू असेपर्यंत, असंही म्हणाले.

चार दिवसांनी तिचा फोन आला. चौदा वर्षांतला पहिला. मागे तिच्या वडिलांच्या खोकल्याचा आवाज येत होता. ड्रॉवर बघितलात का, तिने विचारलं. बघितला, मी म्हटलं. आधी काय टाकलंत? डावा-उजवा.

नंतर ती म्हणाली, "जागा मला दिली हो त्यांनी. मला काही पटलं नाही. फळा तुमचा चांगला होता. असं कसं केलं असेल साहेबांनी?"

ती खरोखर कष्टी झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज तसा ऐकला. मी म्हटलं, "काय माहीत. त्यांचं त्यांना ठाऊक."

फोन ठेवला आणि मी तशीच बसून राहिले. अशी एक तरी गोष्ट होती, जी मला माहीत होती आणि तिला नव्हती. तिच्या अकरा वर्षांपुढे माझी ती एक दुपार, पण माझी होती. कितीतरी वेळ मी त्या सुखात बसले होते. चंदेरीच्या काळ्या पडद्यात माझं तोंड दिसत होतं, आणि ते चक्क हसत होतं.

मग पेडल दाबलं. डॉक्टर बोलायला लागले. मी 'डावा' लिहिलं, पुढे दोन प्रश्नचिन्हं आली. मी घड्याळाकडे बघितलं, पुन्हा एकदा ऐकलं, आणि ती पुसली.